दोन बल्बांची साक्ष

माझ्या वडिलांना लोक 'टेस्टर' म्हणतात. करंट आहे का बघायच्या टेस्ट लॅम्पची वायर त्यांच्या गळ्यात कायम लोंबत असते, म्हणून. लग्नकार्याला निघालो तरी आई दारात थांबवून आधी त्यांचा गळा तपासते. बाबा गाड्यांचं वायरिंग करतात. पस्तीस वर्षं झाली. पत्र्याचं छप्पर, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, एका भिंतीवर रंगवार टांगलेल्या वायरी आणि कोपऱ्यात एक मोडका सोफा, ज्यावर गिऱ्हाइकांनी बसायचं आणि मधे बोलायचं नाही.

बोलायचं नाही, कारण बाबा ऐकत असतात. स्टार्टर किती जोरात ओढतोय, रिले कुठे टिक करतोय, हे सगळं त्यांना कानाने लागतं. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. "पार्ट बदलून बघू" असं कोणी म्हणालं की म्हणतात, "मग लॉटरीच्या दुकानात जा की." आणि दुसरी गोष्ट, सोल्डर न केलेला, म्हणजे कथील वितळवून न सांधलेला जॉइंट. दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणारा माणूस बाबांच्या लेखी माणूसच नाही. दुसऱ्याने केलेला असा जॉइंट सापडला की ते तो कापून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात, मेलेल्या पालीसारखा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर सर्किट काढते. सुट्टी लागली की दुकानात जाऊन बसते, कारण घरी आई कपाटं आवरायला लावते. त्यामुळे ती गाडी आली तेव्हा मी तिथेच होते.

जुन्या घडणीची, फिकट निळी, चार दारांची गाडी. चालवणारी बाई चाळिशीच्या आतबाहेरची. उतरल्या उतरल्या म्हणाली, "दोन गॅरेज झाली. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, प्लग, पॉइंट, सगळं नवीन. तरी वीस-पंचवीस मिनिटं चालली की बंद पडते. झटका नाही, आचका नाही. कोणी चावी बंद करावी तशी. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू."

मी बाबांकडे बघितलं. असली केस म्हणजे त्यांची मेजवानी. पण बाबा गाडीच्या नंबरकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता.

"ही डॉक्टरांची गाडी," ते म्हणाले.

"हो. मी त्यांची मुलगी. बाबा गेले गेल्या वर्षी. गाडी वर्षानुवर्षं घरातच होती. ड्रायव्हर दवाखान्यापर्यंत न्यायचा आणि आणायचा, दहा मिनिटांचा रस्ता. आता मी वापरायला काढली तर हे सुरू झालं."

"मी नाही घेणार ही गाडी," बाबा म्हणाले, आणि मागच्या बाजूला निघून गेले.

माझ्या आठवणीत बाबांनी एकही गाडी परत पाठवली नव्हती. पाण्यात बुडालेली, आग लागलेली, उंदरांनी अर्धी खाल्लेली, सगळ्या घेतल्या होत्या. मी त्या बाईंना कसंबसं म्हटलं, "ठेवून जा तुम्ही. मी बोलते त्यांच्याशी." त्या चावी सोफ्यावर ठेवून रिक्षाने गेल्या.

दुपारी जेवताना आईने सांगितलं. बाबा ताटावरून उठून हात धुवायला गेले होते, तेवढ्यात, हळू आवाजात.

हे दुकान आधी दोघा भावांचं होतं. बाबा आणि मोठे काका. डॉक्टरांच्या या गाडीचं सगळं वायरिंग त्यांनी मिळून नवीन केलं. स्टिअरिंगशेजारचा चावीचा स्विच काकांनी बसवला, बाकीच्या वायरी बाबांनी ओढल्या. महिन्याभराने डॉक्टर मुलीला घेऊन निघाले होते. पुलाच्या चढावर गाडी एकदम मेली. मागून ट्रक आला. मागच्या सीटवरच्या मुलीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण डॉक्टर गाडी ढकलायला म्हणून नुकतेच खाली उतरले होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. पुढे आयुष्यभर ते काठी घेऊन चालले. पोलिसांनी गाडी तपासली तर पहिल्या चावीला सुरू! काहीच सापडलं नाही. "चावी बंद केल्यासारखी मेली," एवढंच डॉक्टर सांगत राहिले. मग चावी म्हणजे स्विच, आणि स्विच म्हणजे मोठे काका.

"त्यांनीच सांगितलं सगळ्यांना, स्विच मी बसवला होता म्हणून," आई म्हणाली. "हत्यारं ठेवली आणि गेले. तू पाच आठवड्यांची होतीस."

मोठे काका दोन तासांवरच्या गावात रोपवाटिका चालवतात. वर्षातून एकदा भेटतात, कमी बोलतात, घरातला बल्ब गेला तर शेजाऱ्याला बोलावतात. त्या बल्बावरून लहानपणी मी त्यांना खूप चिडवलं होतं. ते नुसते हसायचे.

बाबा पंच्याने हात पुसत आले. आम्ही काय बोलत होतो ते त्यांना कळलंच होतं. "घेतो गाडी," ते म्हणाले. "एकदा तो स्विच डोळ्यांनी बघून टाकतो. दादाची चूक नेमकी काय झाली ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या रस्त्याला लागलो. चोविसाव्या मिनिटाला इंजिन मेलं. खरंच, कोणी हात लांबवून चावी फिरवावी तसं. बाबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, एक प्लग काढून वायरला लावला आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. प्लगच्या तोंडाशी ठिणगी नव्हती.

"पेट्रोलचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "करंटच पोचत नाहीये."

अकरा मिनिटांनी गाडी निमूटपणे सुरू झाली. परत येऊन बाबांनी थेट बॅटरीपासून ठिणगीला करंट देणाऱ्या कॉइलपर्यंत एक वेगळी वायर टाकली, स्विच-बिविच सगळं बाजूला ठेवून. त्या वायरवर गाडी दीड तास पळाली, कुठे अडखळली नाही. म्हणजे कॉइल ठणठणीत. दोष स्विच आणि कॉइल यांच्यामध्ये कुठेतरी.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण एक प्रकारचा निकाल होता. "स्विचच."

पण अंदाजावर थांबणारा माणूस तो नव्हे. त्यांनी दोन छोटे बल्ब घेतले. एकाची वायर स्विचमधून बाहेर पडणाऱ्या टोकाला लावली, दुसऱ्याची कॉइलच्या टोकाला. दोन्ही बल्ब आत आणून माझ्या मांडीवर ठेवले. स्विचच्या बल्बाला ओळखायला लाल टेपचा तुकडा. "गाडी मेली की दोन्ही विझतील," ते म्हणाले. "स्विच गेला की पुढे अंधारच. तू फक्त बघ आणि सांग."

पुन्हा तोच रस्ता. मी मांडीवरचे दोन इवलेसे दिवे बघत बसले. तेवीस मिनिटं झाली आणि इंजिन गप्प झालं.

"विझले?" बाबांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"एक विझला."

"एक? कुठला?"

"कॉइलचा. लालवाला चालू आहे."

"नीट बघ."

"बाबा, चालू आहे. लख्ख."

त्यांनी गाडी थांबवली आणि वाकून स्वतः बघितलं. बल्बावर नखाने टिचकी मारली. तो हलला नाही, मंदही झाला नाही. स्विचपर्यंत करंट येत होता आणि स्विचमधून बाहेरही पडत होता. पुढे कॉइलपर्यंत मात्र पोचत नव्हता.

"बल्ब अदलाबदल करू," ते म्हणाले. त्यांनी बल्ब बदलले, अकरा मिनिटांनी आम्ही निघालो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी वायरींची टोकं नव्याने लावली, दाबून बघितली. पुन्हा तेच. स्विचवरचा बल्ब माझ्या मांडीवर जळत राहिला.

"स्विच चांगला आहे," बाबा म्हणाले. दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी आतून येऊन काही सांगावं, आणि त्याने ते स्वतःशी पुन्हा उच्चारावं, तसे.

"म्हणजे मोठ्या काकांचा..." मी बोलायला गेले आणि थांबले. कारण स्विचच्या पुढच्या सगळ्या वायरी बाबांनी ओढल्या होत्या.

दुकानात येऊन त्यांनी डॅशबोर्ड उतरवला आणि दाराबाहेर पाय सोडून पाठीवर आडवे झाले. त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. बराच वेळ त्या हलत होत्या. मग त्या चपला हलायच्या थांबल्या.

"बाबा?"

"ये इकडे."

मी दुसऱ्या दाराने डोकं आत घातलं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला चिकटून, हीटरच्या पाइपाजवळ, वायरींच्या जुडग्यात एक काळी गाठ होती. तिच्यावरची टेप जुनी होऊन गुळासारखी चिकट झाली होती. बाबांनी ती नखाने सोलली. आत दोन वायरी. नुसत्या पिळलेल्या, आणि तांब्यावर हिरवट गंज. सोल्डरचा एक थेंब नाही. पत्रा तापला की पीळ सैल पडणार, थंड झाला की पुन्हा टेकणार.

"कोणी केला हा?" मी विचारलं. खरंच कळलं नव्हतं मला.

"पीळ बघ. उलटा आहे." बाबांनी डावा हात वर केला. ते डावखुरे आहेत. "त्या वेळी दुकानात आम्ही दोघंच. दादा उजवा."

बाबा तसेच आडवे पडून वर बघत होते. मग म्हणाले, "फोन आला होता. शेजारी टायरवाल्याकडे. तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय म्हणून. इस्त्री गरम व्हायला पाच मिनिटं लागतात, सोल्डरची. ती पाच मिनिटं मी थांबलो नाही. म्हटलं उद्या येऊन करू."

आमच्या घरात एक गोष्ट आहे. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आई ती सांगते आणि सगळे हसतात. माझा जन्म झाला तेव्हा बाबा धावत दवाखान्यात पोचले ते हातात काळ्या टेपची गुंडाळी घेऊन. बांगडीसारखी मनगटात अडकलेली. नर्स म्हणाली होती, बाळाला टेप लावायचीय का? मी सव्वीस वर्षं त्या गोष्टीवर हसले होते. आता मला कळलं. ती गुंडाळी याच गाठीवरून निघून तशीच मनगटात राहिली होती. 'उद्या' ते दुकानात गेलेच नव्हते, चार दिवस नव्हते गेले. आणि त्याच दरम्यान डॉक्टरांना घाई होती म्हणून काकांनी गाडी देऊन टाकली होती. बाबा 'माझं झालंय' असं सांगून गेले होते ना. परत आले तेव्हा समोर गाडी नव्हती आणि बाळाच्या गडबडीत ती गाठ डोक्यातून पार गेली होती, बाबांनीच सांगितलं.

बाबांनी हात धुतले आणि डॉक्टरांच्या मुलीला फोन केला. ती तासाभरात आली. बाबांनी तिला सोफ्यावर बसवलं नाही, गाडीपाशीच नेलं, गाठ दाखवली आणि सगळं सांगितलं. फोन, इस्त्री, पीळ. मधे एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही. माझ्या जन्माचंसुद्धा त्यांनी "घरी काम निघालं" एवढंच सांगितलं. शेवटी माझ्या जन्माचं मीच न राहवून सांगितलं.

त्या बाई ऐकत असताना एका हाताने गाडीचं दार धरून उभ्या होत्या. "मी मागे बसले होते," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणाले, तू बस, मी ढकलतो." मग गाठीकडे बघत, "तुम्ही गुपचूप दुरुस्त करून दिली असतीत तर मला आयुष्यात कळलं नसतं. सांगितलंत कशाला?"

"तुम्ही या गाडीत बसणार," बाबा म्हणाले. "कोणाच्या हातची आहे ते तुम्हाला माहीत हवं."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "शनिवारी येते," म्हणाल्या आणि रस्ता न बघता चालायला लागल्या. मी धावत जाऊन त्यांना रिक्षात बसवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही काकांकडे गेलो. आई म्हणाली मीही येते, पण बाबांनी नको म्हटलं. काका हिरव्या जाळीच्या मांडवात पिशव्यांमध्ये माती भरत होते. आम्हाला बघून उभे राहिले. "काय रे बारक्या? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. दादा, डॉक्टरांची गाडी आली होती दुकानात."

काकांच्या हातातली पिशवी खाली पडली.

बाबांनी कागदात गुंडाळलेला तो जॉइंट काढून पाटावर ठेवला. कापून आणला होता. काकांनी त्याला हात लावला नाही. बाबांचं बोलणं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मिस्त्रीला शोभेल असा.

"दोन बल्ब लावलेस?"

"हो."

"गाडी मेली तेव्हा स्विचवरचा पेटता होता?"

"होता."

"पूर्ण? की मंद?"

"पूर्ण, काका," मी म्हटलं. "माझ्या मांडीवर होता. तिन्ही वेळा."

"तिन्ही वेळा," ते म्हणाले. ते स्टुलावर बसले. "मला वाटायचं आतली पितळी पट्टी मी उलटी बसवली असेल. मग वाटायचं, नाही, सुलटीच बसवली. स्क्रू कमी आवळला असेल. मी तो स्विच मनात किती वेळा उघडलाय, बारक्या. आंघोळ करताना उघडलाय. डॉक्टर गेल्याचं कळलं त्या दिवशी उघडलाय."

आम्हाला दोघांना कालपासून वाटत होतं, की काकांना आतून ठाऊक असेल. त्यांनी धाकट्या भावाला सांभाळून घेतलं असेल. तसं काहीच नव्हतं. तो माणूस इतकी वर्षं स्वतःलाच गुन्हेगार समजत होता. बाबांना हे ऐकवेना. ते पाटाचा कोपरा धरून खाली बसले.

"दादा, मी..."

"तू बोलू नकोस." काका उठले, झारी घेतली आणि रोपांना पाणी घालायला लागले. ज्या रोपांना मगाशीच घातलं होतं त्यांनाच. पिशव्या भरून पाणी चपलांवर वाहायला लागलं तरी थांबेनात. "माझे हात चांगले होते रे," ते पाठमोरे म्हणाले. "तुझ्यापेक्षा चांगले होते."

"होते," बाबा म्हणाले.

"जा आता. जा म्हणतो ना!"

काकांचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मांडवाच्या दाराशी बाबा थांबून एवढंच म्हणाले, "शनिवारी सकाळी बाई गाडी न्यायला येणार आहेत."

शनिवारपर्यंत बाबांनी ती वायर मुळापासून बदलली. मधे जॉइंट ठेवलाच नाही. स्विचला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. जेवायचे, कामाला जायचे, पण कोणी हाक मारली तर दचकायचे. आईने टेपवाली गोष्ट काढली नाही, आणि आता कधी काढेल असं वाटत नाही. एकदा मात्र भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "मला किती बरं वाटलं होतं, हा माणूस सगळं टाकून धावत आला म्हणून." आणि विळीवरचा हात तसाच राहिला.

शनिवारी डॉक्टरांची मुलगी आली. ती चावी हातात घेतेय तोच रस्त्यापलीकडे बस थांबली आणि मोठे काका उतरले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. दुकानाचा उंबरठा त्यांनी सव्वीस वर्षांनी ओलांडला. कोणाशी न बोलता ते गाडीपाशी गेले आणि वाकून स्विचकडे बघत उभे राहिले.

बाबा त्या बाईंना म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, शेजारच्या टायरवाल्याला ऐकू जाईल इतक्या, "हे माझे मोठे भाऊ. स्विच यांनी बसवलाय. तेव्हाही चांगला होता, आजही आहे."

काकांनी मान वर केली नाही. त्यांचे कान मात्र लाल झाले.

त्या बाई काकांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शेजारचं दार उघडलं. "तासभर तरी चालवून बघायला हवी," त्या म्हणाल्या. "एकटीने जायचं धाडस होत नाही. तुम्ही येता का?"

काका बसले. गाडी गेली. बाबा दुकानाच्या दारात उभे राहिले ते राहिलेच. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ बघितलं, पस्तिसाव्याला बघितलं. मी खुर्ची आणून दिली, ती तशीच पडून राहिली. एक तास आणि चाळीस मिनिटांनी निळी गाडी वळणावर दिसली तेव्हा बाबांनी पत्र्याच्या खांबाला टेकून डोळे मिटले.

गाडीत ते दोघं काय बोलले, ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. बाईंनी बाबांना माफ केलं का, मला माहीत नाही. जाताना त्यांनी बाबांकडे बघून मान हलवली, एवढंच. काकांनी दुकानात बसून आईच्या हातचं जेवण खाल्लं. संध्याकाळच्या बसला बाबा त्यांना सोडायला गेले, मागून मी.

"राग गेलेला नाही माझा," थांब्यावर काका म्हणाले.

"जाऊ नये," बाबा म्हणाले. "फोन करू का अधूनमधून?"

"कर. उचलीन असं नाही."

बाबांनी दुसऱ्या दिवशी केला. उचलला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी केला, तरी नाही. तिसऱ्या दिवशी उचलला आणि काका टोमॅटोच्या रोपांवर पडलेल्या रोगाबद्दल वीस मिनिटं बोलले. बाबांना टोमॅटोचं रोप आणि वांग्याचं रोप यांतला फरक कळत नाही. ते फोन घट्ट कानाला लावून, "अरे बापरे, हो का, मग रे?" असं म्हणत राहिले.